उसाचा नंबर आणि तुझं ॲप

अंबाजोगाई

चि. माई,


तुझं पत्र पोचलं. कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या लोकांना सभागृहात बसवून तू पडद्यावर सगळी नवी व्यवस्था दाखवलीस: फोनवरून ऊसनोंद, जीपीएसनं क्षेत्रमोजणी, संगणकानं काढलेला तोडणी कार्यक्रम, काट्यावरून शेतकऱ्याला थेट एसएमएस. शेवटी 'काही शंका?' म्हणून विचारलंस, तर एकही हात वर झाला नाही. त्यावर तुझ्या पुण्याच्या साहेबांनी ठरवून टाकलं की लोकांना बदल नको आहे, प्रशिक्षणाचे दिवस वाढवा. हे निदान मला पटलं नाही. माझी सगळी नोकरी शेतकी खात्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही माणसं फोनला बुजणारी नाहीत. 15 ऑगस्ट 2021ला ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडचे शेतकरी बांधावर उभे राहून स्वतःच्या पिकाचा फोटो सरकारला पाठवताहेत. गावोगाव ऊसनोंद आणि तोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या तुझ्या स्लिपबॉयांचा अर्धा कारभार आजच व्हॉट्सॲपवर चालतो. कुठली ऊसतोड टोळी कुठल्या शिवारात आहे, कुठला ट्रॅक्टर कुठं रुतला, सगळं तिथं असतं.

तू एकदा स्लिपबॉयच्या खिशातली डायरी मागून घे. गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, लागणीची तारीख, उसाची जात 86032 आहे की 265, लागण की खोडवा, अंदाजे टनेज. सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं आणि कित्येक ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं दिसेल. नियम कागदावर सरळ आहे, ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. पण डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाला रान मोकळं करून गहू पेरायचाय. हे फोन वाजवी असतात, माणूस बघून थोडं इकडंतिकडं करावंच लागतं. मग एक फोन येतो तो वरून. आमच्या पाहुण्याच्या उसाला उद्या टोळी लाव. तुटपुंज्या पगाराचा हंगामी माणूस त्याला नाही कसं म्हणणार? तो खोडरबर काढतो, दोन नावं वरखाली करतो. ज्याचं नाव खाली गेलं तो शेतकरी येऊन शिव्या घालतो त्या पोराला. फोन करणाऱ्याचं नाव कुठंच लागत नाही.

आता तुझ्या ॲपमध्ये प्रत्येक बदलापुढं तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याचं नाव उमटणार. ते नाव स्लिपबॉयचंच असणार. उद्या सर्वसाधारण सभेत कुणी सभासदानं यादी मागितली तर पक्षपात त्याच्या एकट्याच्या नावावर निघेल. एवढं त्याला तुझ्या पहिल्याच दहा मिनिटांत कळलं होतं. आणि चेअरमन व्यासपीठावर बसलेले असताना ही शंका विचारता येत नाही, हेही त्याला कळत होतं. म्हणून तो गप्प बसला.

तेव्हा प्रशिक्षणाच्या आधी ॲपमध्ये एक रकाना वाढव. क्रम कुणाच्या सांगण्यावरून बदलला, कशासाठी बदलला. गटातली किरकोळ अडचण असेल तर बदल गट अधिकाऱ्याच्या पातळीवर व्हावा. त्यापलीकडचा कुठलाही बदल कार्यकारी संचालकांच्या मंजुरीशिवाय यंत्रानं घेऊच नये. स्लिपबॉयला नुसतं एवढं म्हणता आलं पाहिजे, 'साहेब, माझ्या हातात नाही, फोन घेतच नाही ते.' त्याला इतकं मोठं संरक्षण आजवर कुणी दिलेलं नाही. हे मिळालं तर तोच तुझ्या ॲपची बाजू गावोगाव मांडेल.

आपल्या भागात उसाचा नंबर म्हणजे काय, हे 2021-22च्या हंगामानं दाखवलंच आहे. पाऊसपाणी चांगलं, माजलगाव-गेवराईच्या कालव्याखाली ऊसच ऊस. राज्यात विक्रमी 137 लाख टनांच्या घरात साखर झाली आणि तरी मराठवाड्यात जूनपर्यंत ऊस उभा होता. मे महिन्यात गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्यानं उभ्या उसाला काडी लावली आणि स्वतः गळफास घेतला. सरकारनं लांबच्या वाहतुकीला अनुदान दिलं, पण कुठं किती ऊस शिल्लक आहे याचा पक्का आकडा कुणापाशी नव्हता, कारण एकच ऊस दोन-दोन, तीन-तीन कारखान्यांकडं नोंदवलेला. त्याच वर्षी साखर आयुक्तालयानं 'महा-ऊसनोंदणी' ॲप आणलं ते उगाच नाही. म्हणून तुझं काम मला मनापासून हवं आहे. ते बिघडू नये, याची काळजी वाटते.

दुसरी अडचण नोंदणीची. तू सातबारा आणि आधार जुळल्याशिवाय नोंद घेणार नाहीस म्हणतेस. बाप वारला, वारसनोंद लागली नाही, तिघं भाऊ कसतात आणि ऊस धाकट्याच्या नावानं जातो, कारण कारखान्याचा शेअर त्याच्या नावावर आहे. काही ठिकाणी थोरल्यावर सोसायटीचं कर्ज असतं, उसाच्या बिलातून सगळी कपात होईल आणि हाती काही लागणार नाही म्हणून नाव बदललेलं असतं. हे नियमात बसत नाही, मान्य. पण अशा घरांना यंत्रानं पहिल्याच दिवशी 'नोंद अमान्य' म्हटलं, तर ते शेजारच्या कारखान्याकडं जातील, आणि ओव्हरसियर म्हणेल, बघा, ॲपमुळं ऊस गेला. पहिल्या हंगामात जमीनमालक आणि ऊस पिकवणारा असे दोन रकाने ठेव. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडं खेटे घालायला त्यांना एक वर्ष मिळू दे.

तिसरी अडचण फोनची. अंगणवाडीचं तुला आठवत असेल. राज्यातल्या सेविकांना सरकारनं फोन दिले, मग 2021मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं. ॲप इंग्रजी, फोनची रॅम दोन जीबी, माहिती भरता भरता फोन तापायचा, अडकायचा, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी. त्या ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी राज्यभर प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत केले. घराघरांतल्या बाळांची वजनं करून कागदावर लिहिणाऱ्या त्याच बाया होत्या, कामाला नाही म्हणणाऱ्या नव्हेत. त्यांना मराठी हवं होतं आणि चालणारा फोन हवा होता. तुझ्या योजनेत स्लिपबॉयनं स्वतःचा फोन वापरायचा आहे, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. रिचार्ज कुणाचा? बांधावर पडून काच फुटली तर भरपाई कुणाची? धारूरच्या डोंगराकडं रेंज नसली तर नोंद फोनमध्ये साठून राहते का? याची उत्तरं लेखी दे.

लेखी म्हणतो त्याला आधार आहे. बँकांत संगणक येणार म्हटल्यावर देशभर केवढा विरोध होता! शेवटी 1983मध्ये कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात करार झाला. यंत्रं किती आणि कुठल्या कामाला, ती चालवणाऱ्याला विशेष भत्ता, आणि कुणाची नोकरी जाणार नाही. सह्या झाल्या, त्यानंतर काम पुढं सरकलं. तुझ्या बैठकीत 'कुणाला कमी करणार नाही' हे तोंडी सांगितलं गेलं. साखर कारखान्यात थकलेल्या पगारांचा अनुभव घेतलेल्या माणसाला तोंडी शब्दावर विसंबायला सांगू नकोस. कामगार युनियनला बोलाव, कागद कर.

मात्र सगळ्यांचाच पाठिंबा मिळवायच्या नादी लागू नकोस. काही विरोध अंगावर घ्यावाच लागतो. वजनाचा एसएमएस शेतकऱ्याला जाणार, हे उत्तम. तोच ऊसतोड मजुरालाही जाऊ दे. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. दिवसाकाठी किती टन तोडला, उचलीतून किती फिटले, हे मुकादमाच्या वहीत असतं आणि ती वही त्यांना बघायला मिळत नाही. बैलगाडी काट्यावरून उतरली की त्या जोडीच्या फोनवर आकडा आला, तर पहिल्यांदा हिशोब त्यांच्या हातात येईल. नुसता नवऱ्याचा नको, बाईचाही नंबर नोंदव, तोडलेल्या उसात तिचा निम्मा घाम असतो. मुकादम ओरडतील, टोळ्या आणणार नाही म्हणतील. चांगले मुकादमही आहेत, त्यांच्यापासून सुरुवात कर. पण या कलमावर माघार घेऊ नकोस. बीडची पोर असून हे कलम तुझ्या योजनेत नसावं, याचं मला वाईट वाटलं.

राहता राहिले चेअरमन. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी संचालक मंडळाची बैठक असेल. तिथं दोन ठराव माग. एक, प्रत्येक गट कार्यालयाच्या भिंतीवर दर आठवड्याला तोडणीचा क्रम नावानिशी लागेल. दोन, संचालकांचा ऊसही त्याच यादीत, लागणीच्या तारखेप्रमाणं. चेअरमननी आपल्या उसाला नंबरानं तोड घेतली आणि ते सगळ्या गावांनी पाहिलं, तर तुला पुन्हा सभागृहात पडदा लावायची गरज पडणार नाही. ते नको म्हणाले, तर निदान या हंगामापुरता क्रमाचा भाग बाजूला ठेव, फक्त काट्याचे एसएमएस सुरू कर. अर्धं यंत्र लावून दोष स्लिपबॉयवर ढकलण्यापेक्षा ते बरं.

मी गटातल्या दोघा-तिघा जुन्या स्लिपबॉयांशी बोलून ठेवलं आहे. रविवारी येतेस का? कारखान्यावर नको, माझ्याकडं घरीच बसू. तिथं ते बोलतील. तुझ्या साहेबांना मात्र आणू नकोस.

तुझा मामा