नाईक यशवंत घाडगे आणि त्यांचें घर

महायुद्धाचा इतिहास वाचतांना मोठमोठ्या आंकड्यांनीं मन दिपून जातें; परंतु आंकड्यांस आईबाप नसतात, माणसांस असतात. १९३९ ते १९४५ च्या युद्धांत सुमारें २५ लक्ष हिंदी सैनिक सेनेंत होते व त्यांपैकीं सुमारें ८७ हजार मृत्यु पावले. त्यांतील एकाच घराकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांवकडील पळसगांवीं झाला. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते नाईक होते. म्हणजे एका लहान तुकडीची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती.

आपल्या भंडाऱ्यास जशी वैनगंगा, तशी इटलींत टायबर नदी आहे. तिच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं शत्रूच्या मशीनगनचा मारा अगदीं जवळून झाला आणि यशवंतरावांच्या तुकडींतील प्रत्येक शिपाई ठार किंवा जखमी झाला. ते एकटेच उभे राहिले. त्यांनीं धांवत जाऊन हातबाँबनें ती तोफ बंद पाडली. बंदुकींतील गोळ्या संपल्यावर ती नळीकडून धरून ते तशाच झुंजले. ठाणें हातीं आलें, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं त्यांचा तेथेंच अंत झाला. वय अवघें बावीस!

कोणी विचारील, राज्य परक्यांचें असतां हें शौर्य कोणासाठीं? प्रश्न खोटा नाहीं. त्याच वेळीं पंडित नेहरू व सरदार पटेल अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. परंतु आम्हांस वाटतें, त्या क्षणीं यशवंतरावांच्या डोळ्यांपुढें साम्राज्य नसावें. भोंवतीं पडलेले सोबती असावेत.

मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हातीं देण्यांत आला. जें पदक पतीच्या छातीवर शोभावयाचें, तें एका तरुण विधवेनें हातांत घ्यावें, याहून कठोर मानसन्मान कोणता? रणांगणावरील धैर्य एका दिवसाचें असतें. घरच्या माणसांस मात्र तें आयुष्यभर पुरवावें लागतें.

इटलींतील कॅसिनो येथील युद्धस्मारकावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. २०२३ सालीं तेथीलच माँतोने गांवीं त्यांच्या नांवें एक छायायंत्र उभारलें गेलें. आपण सर्व एकाच सूर्याखालीं राहतों, असा त्यावरील लेखाचा भावार्थ आहे. त्या सूर्याखालीं पलीकडच्या बाजूस पडलेल्या तरुणांच्याही माता होत्या, हें विसरणें ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून होणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या जिल्ह्यांत एखाद्या घरीं भिंतीवर लष्करी पोषाखांतील तसबीर हार घातलेली दिसली, तर केवळ नमस्कार करून निघूं नका. त्या घरच्या वृद्धांजवळ क्षणभर बसा व तो मुलगा कसा होता, हें त्यांस विचारा. ऐकणारा कोणी भेटला, एवढ्यानेंही त्यांचें दुःख थोडें हलकें होईल.