लेकी बोले, सुने लागे

परभणी,
रविवार दुपार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवाचा डाव हरल्यापासून तू पटाला हात लावेनास, असं तुझी आई सांगत होती. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा हट्ट करून तूच पट मागितलास. गंगाखेडच्या एसटीत कंडक्टरजवळ देऊन मी तो पाठवला, तो काय माळ्यावर टाकायला? फोनवर डाव दाखवता येत नाही, म्हणून हे पत्र. पट मांडून वाच.

आईनं तुझ्या स्कोअरशीटचा फोटो पाठवला. पांढऱ्याचं प्यादं ए७वर, त्याचा हत्ती पुढं ए८वर अडकलेला. तुझा हत्ती ए१वर, राजा एफ७वर. त्यानं हत्ती सरळ एच८ला नेला. प्यादं मोकळं पडलं, तू ते मारलंस. लगेच त्याचा हत्ती एच७वर, शह! राजा हलला आणि मागचा तुझा हत्ती गेला.

याला स्क्युअर म्हणतात. आपल्याकडं म्हण आहे ना, लेकी बोले सुने लागे? तसंच. शह राजाला, मार मागच्या हत्तीला. पिनमध्ये उलटं असतं: हलकी सोंगटी पुढं, भारी मागं, म्हणून पुढची जागची हलू शकत नाही. स्क्युअरमध्ये भारी पुढं असते, तिला हलावंच लागतं. हे काम हत्ती, उंट आणि वजिराचं. घोडा उड्या मारतो, त्याला रेष धरता येत नाही.

मीही शिकताना किती हत्ती असे घालवले! सोंगटीवर हल्ला आला की नजर तिच्यावरच खिळायची. तिच्या पाठीमागं कोण उभं आहे, हे बघायचं राहून जायचं. आता राजा किंवा वजीर हलवण्याआधी त्या आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेषा शेवटच्या घरापर्यंत बघतो. सोंगटीपेक्षा रेष बघायला शीक.

आणि एक. प्यादं मारलं म्हणून हरले, असं तू आईला म्हणालीस. तसं नाही गं. नसतं मारलंस तर त्याचा वजीर झाला असता. चूक त्याच्या आधीची. राजा जी७वर सुखरूप होता, तो तू मध्यभागी न्यायला एफ७वर आणलास. अशा डावात राजानं जी७ आणि एच७ सोडायचं नसतं.

आता राजा परत जी७वर ठेव आणि पांढऱ्याचा हत्ती एच८ला नेऊन बघ. तुझा राजाच त्याला खातो. एका घराचा फरक आहे.

तुझा,
मामा