टाय कोणाच्या गळ्यात?

लखनौच्या गोमतीनगरातल्या आंबेडकर स्मारकात मराठी माणसाला आपलीच माणसे भेटतात: जोतीराव, शाहू महाराज, बाबासाहेब. तिथे हिंडताना सहज मनात आले, जोतीरावांचे पागोटे आपल्या मातीतले. पण गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेबांच्या निळ्या कोटावर रंगवलेला तो लाल टाय आला कुठून?

आला तो लष्करातून. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चाकरीत आलेले क्रोएशियन शिपाई गळ्याला रुमाल बांधत. चौदाव्या लुईच्या दरबाराला तो आवडला आणि युरोपभर त्याचे स्तोम माजले. 1924 साली न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने कापड तिरके कापून तीन तुकड्यांत टाय शिवला, तेव्हा त्याला आजचे रूप आले. हा पट्टा ना थंडी अडवतो, ना घाम पुसतो. लखनौच्या मे महिन्यात तर तो शिक्षाच. पण उपयोग शून्य असल्यामुळेच तो कोण घालतो आणि का घालतो, याला महत्त्व येते.

या शहराचा नवाब नसीरुद्दीन हैदर (1827–37) इंग्रजी पोशाखाचा भारी शौकीन होता. साहेबाचे कपडे घातले म्हणून साहेबाने कीव केली नाही. 1856 मध्ये कंपनीने अवध खालसा केलेच. गांधीजीही लंडनला शिकत असताना टाय आणि भांग नीट करण्यात रोज दहा मिनिटे आरशापुढे घालवत, असे त्यांनीच आत्मकथेत सांगितले आहे. पुढे त्यांनी ते सारे उतरवून पंचा नेसला. अंगावर काय घालावे याची मुभा त्यांना जन्मतःच होती, म्हणून त्यांच्या सोडण्याला त्यागाचे मोल आले.

बाबासाहेबांना ती मुभा कुणी दिली नव्हती. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेताच्या अंगावरची वस्त्रे नेमून दिली; 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला त्याच ग्रंथाची होळी झाली. इतरांची उतरलेली लुगडी-धोतरे पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेल्या समाजातला माणूस कडक इस्त्रीचा कोट चढवतो, टायची गाठ नीट बसवतो आणि कायदेमंडळात बोलायला उभा राहतो, तेव्हा त्याला साहेबाची नक्कल म्हणणे हा शुद्ध आंधळेपणा आहे.

टायला गुलामीची खूण म्हणायची आपल्याकडे सवय आहे. नवाबाच्या बाबतीत ती चालेलही. बाबासाहेबांच्या गळ्यात मात्र तो स्वतः निवडलेला, कोरा कपडा आहे.