लॉकच्या पायाची बोटं

२००४ साली सुरू झालेल्या ‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेचा चौथा भाग. रानडुकराच्या शिकारीला निघालेला जॉन लॉक आणि त्याचं पूर्वायुष्य आलटूनपालटून दिसतं. शेवटी कळतं, विमान बेटावर कोसळण्याआधी तो व्हीलचेअरवर होता. वाळूत पडल्या पडल्या त्याच्या पायाची बोटं हलतात आणि आधी पाहिलेल्या शिकारीचा अर्थच पालटतो.

पूर्वकथा यावी ती अशी!

तिसऱ्या पर्वात मात्र जॅक या दुसऱ्या प्रवाशाच्या दंडावरच्या गोंदणाच्या जन्मकथेवर भाग खर्ची पडला. बेटावरची गोष्ट जेमतेम सरकली. त्याच वर्षी, २००७मध्ये, मालिका २०१०ला संपणार असं जाहीर झालं.

२०१९मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या मराठी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाने तर भूतकाळालाच कथानक केलं. पहिल्या पर्वामुळे अण्णा नाईकांचा शेवट ठाऊक असूनही त्यांची प्रेयसी शेवंता त्यांच्या आयुष्यात कशी शिरते, हे पाहायला घरोघरी माणसं जागत होती.