दिव्याच्या खांबाची वीज

विजेवर चालणारी मोटार तुम्ही पाहिली असेल. ती धूर सोडत नाही. तिला पेट्रोल नको असते, पण बॅटरीत वीज भरावी लागते. यालाच चार्जिंग म्हणतात. ज्याच्या घराला अंगण आहे, तो रात्री घरातूनच वायर जोडतो आणि निश्चिंत झोपतो. पण ज्याचे दार थेट रस्त्यावर उघडते, त्याने काय करावे?

लंडन शहरात हा प्रश्न अनेकांना पडतो. तेथे कितीतरी जुनी घरे एकमेकांना लागून उभी आहेत. गाडी ठेवायला त्यांच्यापुढे जागा नाही. गाड्या रात्रभर रस्त्याच्या कडेला असतात. घरातून वायर आणावी, तर ती फुटपाथवर आडवी पडणार. अंधारात एखाद्या आजोबांचा पाय तिच्यात अडकला तर? ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने कसे चालावे? आपली सोय दुसऱ्याच्या वाटेत येता कामा नये.

यावर एक उपाय रस्त्यावरच उभा होता. तो म्हणजे दिव्याचा खांब! जुन्या दिव्यांना वीज जास्त लागे. त्यांच्या जागी एलईडी दिवे आले आणि वीज कमी लागू लागली. खांबापर्यंतची वायर मात्र पूर्वीचीच राहिली. उरलेली वीज गाडीला देता येऊ लागली. २०२० साली लंडनच्या सदरलँड ॲव्हेन्यू या रस्त्यावर २४ खांबांना अशी सोय करण्यात आली. या खांबातून वीज सावकाश मिळते; पण गाडी रात्रभर उभीच असते ना!

खांब फुटपाथच्या कडेला, गाड्यांच्या बाजूला असेल तरच हे जमते. तो भिंतीजवळ असेल, तर वायर पुन्हा लोकांच्या पायांत येते. म्हणून ऑक्सफर्ड शहरात फुटपाथमध्ये अरुंद खाच करून पाहिली. घरातून आलेली वायर त्या खाचेत बसते आणि चालणाऱ्याला ठेच लागत नाही.

तरीही एक गोष्ट मला खटकते. ब्रिटनमध्ये २०२४ साली घरातल्या विजेवर ५ टक्के कर होता आणि रस्त्यावरच्या चार्जिंगवर २० टक्के. म्हणजे ज्याला अंगण आहे त्याला कर कमी आणि ज्याला नाही त्याला जास्त! हा न्याय झाला का? तुम्हीच विचार करा.

रस्त्यावरचा दिवा कोणाचे घर मोठे आणि कोणाचे लहान, हे पाहत नाही. त्याच्या खांबातली वीजही सर्वांना परवडली पाहिजे, असे मला वाटते.