तापीचे पट्टीचे पोहणारे

आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन. आमच्या लहानपणी कानबाई नदीवर निघाली की तिच्या आधी कोळी-भोयांची चार-पाच माणसं छातीभर पाण्यात जाऊन उभी राहायची. त्यांना कुणी नेमलेलं नसे, कुणी दमडी देत नसे. डोह कुठे, धार कुठे, हे त्यांना पाठ. पोरासोरांनी त्यांच्या पलीकडे जायचं नाही, एवढाच नियम.

पोहायला शिकवायचीही तीच माणसं. कमरेला सुकलेले भोपळे बांधून पाण्यात सोडायचे आणि बजावायचे, "भवरामा सापडना ते वर येवाले धडपडू नको. खाले बुडी मारीसन बाजूले निंघ." बुडणाऱ्याकडे समोरून जायचं नाही, तो मिठी मारतो आणि दोघंही जातात, मागून जाऊन केस धरायचे. पुरात नाव घालणं तर बघत राहावं असं. पैलतीराकडे ती थेट सोडतच नसत. आधी दोरानं काठाकाठानं पार वर ओढत न्यायची, मग धारेत घालायची. वल्ही मारणारे जीव खाऊन मारत, मागे उभा म्हातारा लांब वल्ह्यानं नावेचं तोंड तिरपं धरून ठेवी, आणि वाहत वाहत नाव नेमकी उतारावर लागे.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे जीवरक्षक क्लबही असेच बिनपगारी. सिडनीकडच्या क्लबांची संघटना १९०७ सालची. त्यांच्या नावेत चौघं लाटेकडे पाठ करून वल्ही मारतात, पाचवा मागे उभा राहून लांब वल्ह्यानं दिशा धरतो. अगदी आमचा तापीवरचा म्हातारा! तिथंही आता माणसं वाचवायला इंजिनाच्या रबरी बोटी आहेत. पण जुनी नाव त्यांनी मोडीत काढली नाही, तिच्या शर्यती लावल्या. पोरंपोरी आजही ती विद्या शिकतात.

आमच्याकडे नाव गेली, तिच्याबरोबर विद्याही गेली. नदीसुद्धा ती राहिली नाही. १९८२ साली हतनूर धरण झालं; आता पाणी किती वाढणार ते त्याच्या ४१ दरवाजांवर ठरतं. गिरणा नदीत वाळू उपशाचे खड्डे झालेत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, तिच्या जवानांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माणूस बुडतो दोन-चार मिनिटांत. तेवढ्या वेळात पाण्यात उडी घेणारा गावातलाच लागतो.

बॅरेजमुळे तापीत आता ठिकठिकाणी पाणी तुंबून असतं. मुडावदला, जिथं पांझरा तापीला मिळते, तिथं महाशिवरात्रीला कपिलेश्वराची यात्रा भरते. गावागावात तशी माणसं पुन्हा घडावीत म्हणून या यात्रेत कुस्त्यांसारखी नावांचीही शर्यत लावावी. एका नावेत वल्ह्यांवर गावची चार पोरं, आणि मागे ज्यानं पुरात नाव घातली आहे असा एक जुना माणूस. अशी माणसं काठावरच्या गावांत अजून आहेत. यंदाच विचारायला जायला हवं.