थोरली आणि धाकटी

चांगलें आणि वाईट यांतून चांगलें निवडावयास फारशी बुद्धि लागत नाहीं. लागलाच तर थोडासा निग्रह लागतो. खरी पंचाईत होते ती दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या म्हणजे. त्यांतून त्या दोन्ही एकाच घराण्यांतल्या, एकाच नांवाच्या आणि केवळ वयानें भिन्न असल्या, तर मनुष्याची अवस्था एकाच घरांतल्या दोन बहिणी सांगून आलेल्या उपवर मुलासारखी होते. थोरलीला होकार द्यावा तर धाकटीचें रूप आठवतें. धाकटीकडे वळावें तर थोरलीचा स्वभाव डोळ्यांपुढें येतो. गेल्या पावसाळ्यांत चांगले तीन महिने मीं या अवस्थेंत काढले. माझ्यापुढें मुली नव्हत्या, मोटारी होत्या, एवढाच काय तो फरक. दोघींचेंही नांव ऑक्टेव्हिया. दोघींच्याही पाठीवर ‘आर. एस.’ हीं अक्षरें. थोरली २००५ सालची, धाकटी २०१७ सालची.

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आणि पंचावन्नाव्या वर्षांत पाऊल टाकलेल्या गृहस्थानें वेगवान मोटारींच्या भानगडींत पडावें, याचें माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटलें. ‘या वयांत लोक प्लॉट घेतात,’ असें एकानें मला प्राध्यापकांच्या खोलींत सुनावलेंही. त्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पण मला गातां येत नाहीं, पोहतां येत नाहीं, पत्त्यांत मी नेहमीं हरतों. मोटार हांकणें ही एकच कला मला थोडीफार साधली आहे. घाटांतल्या वळणांत गाडी नीट घालून नीट बाहेर काढली म्हणजे मनाला जें समाधान होतें, तें मला माझ्या कोणत्याही व्याख्यानानें दिलेलें नाहीं. हा आनंद आणखी किती वर्षें घेतां येईल, हा हिशेब मनुष्य चाळिशींत करीत नाहीं. पन्नाशी उलटल्यावर केल्यावांचून राहत नाहीं. माझ्या डाव्या गुडघ्यानें तर तो दोन वर्षांपूर्वींच मांडावयास घेतला आहे. जी गाडी घेईन ती बहुधा केवळ हौसेसाठीं घेतलेली शेवटचीच असणार, हें मला ठाऊक होतें. आणि म्हणूनच निवड लांबत गेली.

ऑक्टेव्हिया या नांवाशीं माझा परिचय फार जुना. पण तो मोटारीमुळें झालेला नव्हे, शेक्सपिअरमुळें झालेला. ऑगस्टस सीझरची ही बहीण राजकारणाची गांठ पक्की करण्यासाठीं अँटनीला दिली गेली, आणि अँटनीनें तिला मागें टाकून पुन्हा इजिप्तची वाट धरली. नवी पत्नी शांत, सुशील, निर्दोष. जुनी प्रेयसी लहरी, खर्चिक आणि घातक. अँटनीनें निवड कशी केली व तिचें फळ काय मिळालें, हें मीं किती तरी वर्षें वर्गांत सांगितलें आहे. मोटारीला मात्र हें नांव त्या रोमन स्त्रीवरून मिळालें नाहीं. चेक देशांतील स्कोडा कारखान्यानें १९५९ सालीं एक गाडी काढली. युद्धानंतरची ती आठवी, म्हणून लॅटिन भाषेंतील ‘आठवी’ या अर्थाचा शब्द तिला लाभला. पुढें तें नांव मागें पडलें आणि १९९६ सालीं नव्या गाडीवर पुन्हा चढलें. २००१ पासून ती गाडी औरंगाबादजवळ – आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ – शेंद्रा येथील कारखान्यांत जुळविली जाऊं लागली. तेव्हां तिला अगदींच परदेशी म्हणणें बरोबर नाहीं. तिच्या अंगाला मराठवाड्याची धूळ जन्मापासून लागलेली आहे.

आर. एस. म्हणजे रॅली स्पोर्ट. सभ्य, कुटुंबवत्सल, डिकींत चार पाहुण्यांचें सामान बसेल अशा गाडीला शर्यतीच्या गाडीचें हृदय द्यावयाचें, हा त्यांतील खेळ. थोरलीचें इंजिन १७८१ घनसेंटिमीटरचें. चार सिलिंडर, प्रत्येकाला पांच व्हॉल्व्ह आणि दमदार फुंकर घालणारा टर्बो. युरोपांत तिला १८० अश्वशक्ति असे. आपल्याकडे ती १५० वर आणून दिली. गियर पांच आणि तेही हातानें टाकावयाचे. धाकटीचें इंजिन १९८४ घनसेंटिमीटरचें, शक्ति २३०, गियर सहा आणि ते तिचे तीच टाकते. उभ्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ती ६.८ सेकंदांत गांठते. २०१७ सालीं ती आली तेव्हां कारखान्यानें किंमत २४ लाख ६२ हजार ठेवली होती. तिच्यामागून २०२० सालीं २४५ अश्वशक्तीची आणखी एक बहीण आली, ती देशभर अवघ्या २०० जणांसाठीं. आणि २०२५ सालीं २६५ अश्वशक्तीची आली, ती १०० जणांसाठीं, जवळजवळ ५० लाखांना. त्या दोघींकडे मीं मान वर करून पाहिलेंही नाहीं.

थोरलीचे मालक साखर कारखान्यांतून निवृत्त झालेले एक वृद्ध इंजिनियर. सारी आळी त्यांना आप्पा म्हणते. मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनीं गाडी हांकणें बंद करावयास सांगितलें, म्हणून ते ती विकीत होते. पण विकण्याची त्यांना मुळींच घाई नव्हती. वरपरीक्षा म्हणजे काय हें मला त्या दिवशीं कळलें. ‘प्रोफेसर, गाडी थांबविल्याबरोबर किल्ली फिरवितां, कीं थोडें थांबतां?’ त्यांनीं विचारलें. ‘मिनिटभर थांबतों, आप्पा, टर्बो निवला पाहिजे,’ मी म्हणालों. त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल झाली. ‘राहते कोठें गाडी? पत्र्याखालीं कीं उघड्यावर?’ पुढचा प्रश्न आला. असे दहाबारा प्रश्न झाल्यावर किल्ली माझ्या हातांत पडली.

आम्ही पसरणीचा घाट चढलों. तळाशीं वाई, कृष्णेचें पात्र आणि त्याच्या वरच्या अंगाला धोमचा जलाशय. वर पांचगणीचें पठार. थोरलीशीं आधीं बोलणी करावी लागतात. पायानें मागणी केली तरी टर्बोला वारा भरावयास क्षणभर वेळ लागतो, आणि मग ती एकदम पुढें झेपावते. म्हणून वळण संपण्यापूर्वींच मागणी नोंदवून ठेवावी लागते. गियर एक खालीं घ्यावयाचा तो ब्रेक सोडण्यापूर्वीं घ्यावा लागतो. चुकला तर गाडी कुरकुरते. स्टिअरिंगला तेलाच्या दाबाची मदत आहे, पण रस्त्यावरची खडी हाताला कळते. वर पोंचलों तेव्हां माझी पाठ घामानें भिजली होती आणि गुडघा ठणकत होता. आप्पा शेजारीं बसून सर्व वेळ डोळे मिटून ऐकत होते. ‘तिसऱ्यावर जरा लवकर आलांत,’ एवढेंच ते म्हणाले.

धाकटी पुण्याच्या एका तरुण डॉक्टरांची. त्यांनीं प्रश्न एकही विचारला नाहीं. कागदपत्रें तेवढीं व्यवस्थित दाखविलीं. त्यांच्या परवानगीनें तीही मी पसरणीला नेली. तिच्या गियरपेटींत क्लच दोन आहेत. एक विषम गियरांचा, एक सम गियरांचा. गाडी तिसऱ्यावर धांवत असतांना चौथा आधींच जुळवून ठेवलेला असतो. एक हात सुटतो त्याच क्षणीं दुसरा धरतो. पालखीचे भोई खांदा बदलतात आणि आंतल्या माणसाला धक्का कळत नाहीं, तसें तें आहे. घाट केव्हां संपला हें मला समजलें नाहीं. घाम नाहीं, ठणका नाहीं. चाक घसरण्याच्या बेतांत आलें असेल तर तिनें तें परस्पर सांवरलें असेल. मला त्याची वर्दीही दिली नाहीं. शक्तीचा तर अंतच लागला नाहीं. अर्ध्याहून अधिक अश्व सारा घाटभर तबेल्यांतच उभे होते.

आतां मोजमापाच्या तराजूंत घातलें तर वाद उरत नाहीं. धाकटी अधिक वेगवान, अधिक स्थिर, अधिक सुरक्षित. तिच्यांत सहा एअरबॅगा आहेत. थोरलीजवळ तिच्या काळाचीं साधनें आहेत, आणि तो काळ वीस वर्षांपूर्वींचा आहे. ‘तुमचें तुम्ही कांहीं करा, पण रात्रींच्या प्रवासाला मी त्या जुन्या गाडींत बसायची नाहीं,’ असें हिनें स्पष्ट सांगितलें, आणि तिच्या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. सरकारचा कलही तिच्याच बाजूला. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी, नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. पेट्रोलांत आतां वीस टक्के इथेनॉल असतें आणि तें जुन्या रबराला मानवत नाहीं. ज्या आप्पांनीं जन्मभर उसाची सेवा केली, त्यांच्याच गाडीला ऊस बाधावा, हा दैवदुर्विलास त्यांनीं स्वतःच मला हंसत हंसत सांगितला.

आमच्या मिस्त्रीनेंही कांहीं लपविलें नाहीं. ‘सर, हिचा टायमिंगचा पट्टा रबराचा आहे. तो तुटला कीं व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिन खोलावंच लागतं. पट्टा, पाण्याचा पंप, सगळे होज पाइप आधीं बदला. मग हौस करा,’ तो म्हणाला. मीं हिशेब मांडला. थोरलीची किंमत धाकटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण पहिल्या वर्षाची दुरुस्ती धरली तर तो हिस्सा बराच फुगत होता, आणि पुढच्या वर्षांचा आंकडा कोणीही सांगूं शकत नव्हतें.

‘जुनें तें सोनें’ ही म्हण अशा वेळीं कामाला येत नाहीं. जुन्यांतलें जें टिकलें तेवढेंच आपल्याला दिसतें. जें मोडलें तें भंगारांत गेलें. धंद्यानेंही मी नव्याच्या पक्षाचा आहें. शेक्सपिअरची आवृत्ति घ्यावयाची तर नवी घ्या, असेंच मी विद्यार्थ्यांना सांगतों. कारण जुन्या संपादकांच्या चुका नव्यांनीं काढलेल्या असतात. पण या सल्ल्याचा एक परिणाम मी दरसाल पाहतों. टीपा इतक्या उत्तम असतात कीं मुलें टीपाच वाचतात. अवघड ओळ आली कीं डोळा आपोआप पानाच्या तळाशीं जातो. मुलगा अडखळत नाहीं, त्याला अर्थही बरोबर कळतो. पण ओळीशीं झटापट करून तो मिळविण्यांत जो कांहीं लाभ आहे, त्याला तो मुकतो. धाकटी ही अशी सटीक आवृत्ति आहे. प्रत्येक वळणाचा अर्थ मी लावण्यापूर्वीं ती लावून ठेवते. अलीकडे तर कांहीं गाड्यांत इंजिनाचा आवाजही ध्वनिक्षेपकांतून ऐकवितात; बी. एम. डब्ल्यू. कारखान्यानें २०११ सालच्या आपल्या एम-फाइव्ह गाडींत तसें केलें. मूळ वाचावयास जड जातें म्हणून कोणी तें वाचून दाखवावें, त्यांतलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, सटीक आवृत्तींतल्या टीपा न वाचण्याचें स्वातंत्र्य असतेंच. धाकटीचेही गियर वाटल्यास हातानें टाकतां येतात. खरें आहे. पण ज्याला केव्हांही सोडवून घेतां येतें, तो कोडें फार वेळ हातांत धरीत नाहीं. निदान मी धरीत नाहीं.

तरीही केवळ या विचारानें माझा निर्णय झाला नसता. निर्णय केला तो गुडघ्यानें. एके रात्रीं तो शेकत बसलों असतां मीं या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें. धाकटीला माझ्या गुडघ्याची गरज नाहीं. मी साठ वर्षांचा झालों, बासष्ट वर्षांचा झालों, तरी ती किंवा तिच्यासारखी दुसरी मला सुखानें घाटावर नेईल. थोरलीचें तसें नाहीं. तिला दोन्ही पाय लागतात, दोन्ही हात लागतात, आणि कानही. आज ते सर्व माझ्याजवळ आहेत. पांच वर्षांनीं असतीलच असें नाहीं. तिचे सुटे भागही तोंवर मिळतीलच असें नाहीं. म्हणजे धाकटीला थांबवून ठेवतां येतें. थोरलीच्या बाबतींत आम्हां दोघांचेंही आयुष्य मोजकें आहे. अगोदर कोण आणि मागाहून कोण, एवढाच प्रश्न राहिला, आणि त्याचें उत्तर पंचांगांत लिहिल्याइतकें सरळ होतें.

ही अट हिला समजावून सांगितली. तिनें ऐकून घेतलें आणि स्वतःच्या दोन अटी घातल्या: रात्रीचा प्रवास घरच्या साध्या गाडीनेंच व्हावयाचा, आणि डॉक्टरांनीं क्लच बंद करा म्हटलें कीं त्याच महिन्यांत गाडी विकावयाची. दोन्ही मला मान्य आहेत. आप्पांना इसार दिला तेव्हां त्यांनीं नोटा मोजल्या नाहींत. सर्व्हिसची नोंदवही माझ्या हातांत दिली. २००५ पासूनचें प्रत्येक तेल, प्रत्येक पट्टा, प्रत्येक बॅटरी तींत तारखेसह लिहिली आहे. अक्षर शेवटच्या पानांवर मोठें आणि वेडेंवांकडें होत गेलें आहे. टायमिंगचा पट्टा पुढल्या आठवड्यांत बदलावयाचा आहे. ती नोंद माझ्या अक्षरांत होईल.